फर्स्ट गिअरची थरथर

बाबांची व्हॅन निघताना थरथरायला लागली तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. पनवेलच्या ज्या इंग्रजी शाळेत मी शिकले, त्याच शाळेची मुलं बाबा पोहोचवायचे. सकाळी त्याच व्हॅनने मी स्टेशनपर्यंत जायचे. मागच्या कोपऱ्यात, कुणाशी न बोलता. ती सवय मला शाळेपासूनची.

बाबांनी फर्स्ट टाकून क्लच सोडला की गाडी आधी थडथडायची, मग हिसका देऊन पुढे व्हायची.

“काका, गाडीला थंडी वाजतेय!”

“काका, तिला स्वेटर घाला ना!”

सुरुवातीला बाबाही हसायचे. मग एकदा उड्डाणपुलाच्या चढावर गाडी अशीच थरथरून बंद पडली आणि मागे सरकली. मागचा रिक्षावाला शिव्या घालत उतरला. मुलांना मजा वाटली. बाबांनी आरशातून एकेका मुलाकडे बघून घेतलं. त्या दिवशी ते घरी नीट जेवले नाहीत. घर व्हॅनवर चालायचं, आणि दुसऱ्यांची मुलं तिच्यात बसायची. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ही थरथर जायलाच हवी होती.

सुट्टी लागल्यावर उरण नाक्याच्या गॅरेजवाल्याने पुढची सीट उचलून खालचं इंजिन उघडलं. क्लचप्लेट बदलली. थरथर तशीच. मग इंजिनाखालची रबरं बदलली, तरी तशीच. शेवटी तो स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि आम्हाला नदीपर्यंत फिरवून आणलं. गाडी सुरेख निघाली. मग बाबा बसले, आणि पुन्हा तेच.

“दादा, गाडीला आता काय नाय. तुमी क्लच नीट सोडत नाय.”

“तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून सोडतोय.”

“मंग सोडून सोडून पाय दमला असंल!” तो हसला.

घरी आल्यावर बाबा जिन्यात म्हणाले, “डुप्लिकेट प्लेट टाकली त्याने.” मला ते खरं वाटलं. खरं असावं असंही वाटत होतं.

रविवारी आम्ही ओवे गावाच्या बाजूला गेलो. तिथे प्लॉट पाडलेले होते आणि रुंद रस्ते रिकामे पडलेले असायचे. माझं लायसन्स नवीन होतं. बाबा म्हणाले, “तू चालव. मला बाजूला बसून ऐकू दे. आवाज कुठून येतो ते कळेल.”

मी घाबरत क्लच सोडला. गाडी सरळ निघाली.

“थांब. परत.”

परत सरळ.

“जरा हळू सोड. मुद्दाम वाईट सोड.”

मुद्दाम वाईट सोडला तेव्हा गाडी बंद पडली, पण थरथरली नाही. बाबा डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होते. “चढावर घे,” म्हणाले. चढावरूनही ती गुमान निघाली. वर पोहोचल्यावर मी इंजिन बंद केलं, तरी कुठेतरी बारीक टकटक चालू होती.

मी खाली बघितलं. बाबांचा डावा पाय. त्याच्यापुढे तिथे क्लच नव्हता, काहीच नव्हतं. चपलेची टाच रबरी मॅटवर आपोआप आपटत होती.

बाबांनी डोळे उघडले. मी कुठे बघतेय ते त्यांनी पाहिलं आणि उजवा पाय डाव्यावर दाबून ठेवला. मग दोन्ही पाय हलायला लागले.

“चल घरी,” ते म्हणाले. जागा बदलायला ते उतरले नाहीत.

आई दारातच होती. “सापडलं का?”

“सापडलं,” बाबा म्हणाले.

“मग कधी होईल दुरुस्त?”

बाबा हात धुवायला आत गेले.

आम्ही पाय दाखवायला गेलो. डॉक्टर सगळं इंग्रजीत आणि भराभर बोलले. घरात इंग्रजी मलाच येतं, म्हणून बाबांना मराठीत मी सांगायचं होतं. गोळ्यांचं सांगितलं, चालण्याच्या व्यायामाचं सांगितलं. ‘वाढत जाणारा आजार’ या शब्दांपाशी अडले.

“कळलं,” बाबा म्हणाले.

आई एकदा म्हणाली, “सकाळची एक फेरी पोरीने मारली तर?”

“यासाठी नाही घातलं तिला त्या शाळेत.” एवढ्या मोठ्याने ते कधी बोलत नसत.

शाळा उघडायच्या आठवड्यात त्यांनी पालकांना फोन केले. नंबर मी लावून देत होते. बाबा प्रत्येकाला एकच सांगत होते, “गाडी खराब झालीय.” एक बाई म्हणाल्या, “अहो काका, घ्या करून दुरुस्त, आम्ही थांबतो ना.”

“नाही होणार ती,” बाबा म्हणाले, आणि पुढचा नंबर लाव म्हणून मला खूण केली.

व्हॅनला गिऱ्हाईक लवकर मिळालं नाही. बॅटरी उतरू नये म्हणून मी तिला अधूनमधून बिल्डिंगभोवती फिरवायचे. बाबा गॅलरीत कठड्याला धरून उभे राहायचे, मान तशीच तिरकी. मी फर्स्ट टाकायचे, क्लच सोडायचे. गाडी जराही न थरथरता निघायची.