मॉलमधल्या गाळ्याला गिऱ्हाईक

माझे यजमान दोनदा वारले. पहिल्यांदा घरी, रीतसर आजारी पडून. दुसऱ्यांदा नऊ वर्षांनी, महाडच्या मॉलमध्ये, सकाळी साडेदहाच्या सुमारास. पहिल्या वेळी माझा काही दोष नव्हता.

हा मॉल महामार्गाला लागून आहे. सुरू झाला तेव्हा एक मोठे पुढारी आले, फीत कापली आणि म्हणाले, "आता आपल्या माणसांना मुंबईला जायची गरज नाही!" (भाषण संपताच ते स्वतः मुंबईला गेले.) पहिली दोन वर्षं काय ती गर्दी! पार डोंगरातल्या कुडपण गावची माणसं एसटी बदलून सरकता जिना बघायला यायची. बायका पहिल्या पायरीच्या पाया पडायच्या आणि एकमेकींना धरून किंचाळत वर जायच्या. वर जाऊन करायचं काय? तर साध्या जिन्यानं खाली यायचं आणि पुन्हा वर जायचं! मे महिन्यात निम्मं पोलादपूर तिथल्या एसीत उभं असायचं. खरेदीचं म्हणाल, तर मी त्या दोन वर्षांत एक चाळणी घेतली. तीही दुसऱ्या दिवशी परत केली.

मग महामार्ग रुंद झाला, पूल झाला, आणि गाड्या मॉलच्या डोक्यावरून गोव्याला जाऊ लागल्या. एकेक शटर खाली आलं. एसी बंद पडला. सरकता जिना सरकायचा थांबला. (थांबलेला सरकता जिना साध्या जिन्याहून वाईट. पायऱ्या उंच असतात. माझ्या गुडघ्यांना विचारा.) आता लोक फोनवर मॉलचे जुने फोटो टाकतात आणि खाली रडकी तोंडं लावतात. "गेले ते दिवस!" म्हणे. या रडणाऱ्यांनी तेव्हा एकेक टाचणी जरी विकत घेतली असती, तरी ते दिवस कुठे गेले नसते.

मला मात्र रडायचा हक्क आहे, कारण त्या मॉलमध्ये तळमजल्यावर आमचा गाळा आहे. तो घेतला माझ्या हट्टानं. रस्त्यात आमची जमीन गेली आणि तिचा मोबदला आला, तेव्हा यजमान म्हणाले, "कापडे गावात आपल्या बांधाला लागून शेत निघालंय विकायला. ते घेऊ." मी चौथी शिकलेली, म्हणजे त्यांच्यापेक्षा एक यत्ता जास्त. मी म्हटलं, "शेतात काय हाय? चिखल! गाळा घ्या. बसून भाडं खाऊ." ते शेत माझ्या थोरल्या जावेनं घेतलं आणि ते दरवर्षी पिकतं. आमच्या गाळ्यात आधी मोबाइलवाला होता, मग बेकरी होती, मग पाली.

यंदा मुंबईहून मुलगा आला. संतोष त्याचं नाव. म्हणाला, "आये, लास्ट चान्स. दिवाळीपर्यंत भाडोत्री मिळाला तर ठीक, नायतर जो मागेल त्याला गाळा विकून टाकू."

विकायचा म्हणजे मी चुकले हे जावेसमोर कबूल करायचं! त्यापेक्षा मी थांबलेला सरकता जिना रोज दहा वेळा चढेन.

देवाच्या दयेनं एक गिऱ्हाईक लागलं. महाबळेश्वरचा चिक्कीवाला. महामार्गावर त्याला शाखा काढायची होती. मंगळवारी आंबेनळी घाट उतरून गाळा बघायला येतो म्हणाला. फोनवर त्यानं एकच विचारलं, "काकी, मॉलमध्ये वर्दळ आहे ना?"

"भरपूर!" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आता वर्दळ आणायची कुठून? मी म्हटलं, आपल्या वाडीत माणसं थोडी आहेत का? टेंपो करू, चाळीस माणसं नेऊ, मॉलभर सोडू. संतोष म्हणाला, "आये, आयडिया भारी हाय." (त्याची बुद्धी माझ्यावर गेली आहे.)

सोमवारी मी सगळ्यांना देवळापुढे गोळा केलं आणि नीट समजावलं. "मॉल म्हंजे शिकलेल्या लोकांची जागा. शेतातल्या कपड्यांत यायचं नाय. पांढरे, स्वच्छ कपडे घाला. बायांनी डोक्यावर पदर घ्या. मोठ्यानं बोलायचं नाय, खिदळायचं नाय. पावना आला की त्याच्याकडं टकामका बघायचं नाय."

"आन चा?" एकानं विचारलं.

"चा मागायचा नाय."

"मग थितं जाऊन करायचं काय?"

"काय करायचं नाय. गप ऱ्हायाचं."

माझी थोरली जाऊ मागे उभी होती. ती म्हणाली, "मी पन येते गो. तुझा गाळा एकदा बघून घेते."

शहाण्या वाचकाच्या आता लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. पांढरे कपडे, डोक्यावर पदर, बोलायचं नाही, हसायचं नाही, चहा मागायचा नाही, अशा तयारीनं आमच्याकडची माणसं एकाच ठिकाणी जातात.

मंगळवारी दहा वाजता टेंपो पोचला. संतोषनं फरशी फिनेल टाकून पुसली होती. ती चकचकीत फरशी बघून चाळीस जणांनी दारातच चपला काढल्या. हा एवढा ढीग! पाच मिनिटं माणसं बंद शटरांसमोरून फिरली. पण उगाच फिरायची सवय आमच्या लोकांना नाही. आम्ही चालतो ते गुरांच्या मागे, नाहीतर एसटीच्या मागे. सहाव्या मिनिटाला सगळे आमच्या गाळ्यासमोर फरशीवर बसले. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. माझे गुडघे दुखत होते म्हणून मी शटरला टेकून मधोमध बसले. फिनेलनं माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. शेजारच्या ठकूमावशीनं ते बघितलं आणि मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात चिक्कीवाला आला.

त्यानं चपलांचा ढीग बघितला. टोप्या बघितल्या. मला बघितलं. त्याचा चेहरा पडला. त्यानं बूट काढले, हात जोडले आणि पुरुषांच्या रांगेत मांडी घालून बसला. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. (मीच सांगितलं होतं!) पाच मिनिटं झाली, सात मिनिटं झाली. मी म्हणते, हा गाळा बघायचा सोडून खाली मान घालून का बसलाय?

शेवटी तो माझ्याजवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकी, कधी झालं?"

मी समोर बघितलं. चाळीस माणसं, पांढऱ्या टोप्या, डोक्यावर पदर, सगळ्यांच्या माना खाली. तेव्हा कुठे मला कळलं, ही तर मयताची बैठक दिसत होती! खरं सांगावं, तर ही माणसं टेंपोनं आणली हे कळणार आणि गाळा जाणार. मी पदरानं डोळे पुसले.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

आता मला तातडीनं एक मेलेलं माणूस हवं होतं. समोर बसलेल्यांपैकी कोणाचं नाव घ्यावं, तर त्यानं तिथंच हरकत घेतली असती. तेव्हा जे हरकत घेणार नाहीत त्यांचंच नाव मी घेतलं.

"आमचे हे," मी म्हटलं.

चिक्कीवाल्यानं डोळे मिटले. बायकांतून जावेचा आवाज आला, "अगो, परत?"

पण तो कोणाला ऐकू गेला नाही, कारण ठकूमावशीनं हंबरडा फोडला. गेल्या वेळी मावशी मुलीकडे सुरतेला होती, तिला यायला जमलं नव्हतं. ती कसर तिनं भरून काढली. "आरं माज्या भावा! या मॉलात कशाला आलास रं!" तिचं बघून बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुरुषांनी टोप्या काढल्या. इमारत रिकामी, आवाज असा घुमला की महामार्गावरचे दोन ट्रक थांबले.

वरच्या मजल्यावर दिवे लावायची खटपट करणारा संतोष धावत खाली आला. "आये! काय झालं?"

चिक्कीवाल्यानं उठून त्याला मिठीच मारली. "धीर धर. वडील गेले, आता आईला तूच आहेस."

"वडील? ते तर..." संतोष म्हणाला. मी डोळे वटारले. त्यानं मुकाट्यानं डोकं चिक्कीवाल्याच्या खांद्यावर टाकलं.

"काकी, सुतकात गाळ्याची बोलणी नकोत," चिक्कीवाला म्हणाला. "तेरावं होऊ दे. मी परत येतो."

सुटले! तेरा दिवसांत मी काहीतरी केलं असतं. पण आमची माणसं कामसू. कडेला बसलेल्या कोणीतरी रीत म्हणून बाजारात फोन लावला होता. दारात एक छोटा टेंपो थांबला आणि एक माणूस दोन बांबू आणि मडकं घेऊन आत आला. "बॉडी कुठं हाय?"

चाळीस माणसांनी माझ्याकडे बघितलं. चिक्कीवाल्यानंही बघितलं.

तेव्हा जाऊ उठली. पदर सारखा केला. या क्षणाची तिनं बारा वर्षं वाट बघितली होती. "पावनं," ती म्हणाली, "बॉडी नऊ वर्सांमागं जाळली. हितं कोन येत नाय. तुमाला गर्दी दिसावी म्हनून हिनं आमाला टेंपोतनं आनलं."

चिक्कीवाल्यानं शांतपणे बूट घातले. नाड्या बांधून झाल्यावर म्हणाला, "काकी, एक सांगतो. चिक्की तुम्ही माझ्यापेक्षा चांगली विकाल." आणि घाट चढून गेला.

मी तिथंच शटरला टेकून बसले. आता मात्र डोळ्यांतलं पाणी फिनेलचं नव्हतं. बांबूवाला काही हलेना. त्यानं बांबू भिंतीला लावले, गाळ्यात डोकावला, छत बघितलं, पार्किंग बघितलं.

"काकी, गाळा भाड्यानं द्यायचा हाय?"

"तुला कशाला?"

"बाजारात माझ्या दुकानापुढं टेंपो उभा करू देत नायत. हितं दारापरेंत येतो. जागा थंड हाय, आवाज नाय. आन मानसं बघा ना, येऊन कशी शिस्तीत बसतात!"

त्याच दिवशी बोलणी झाली. आज त्या अख्ख्या मॉलमध्ये मयताच्या सामानाचं ते एकच दुकान उघडं आहे, आणि ते जोरात चालतं. मी महिन्यातून एकदा जाते. तो उठून उभा राहतो, खुर्ची देतो, चहा मागवतो. माणूस चांगला आहे, तक्रार नाही. फक्त परवा मी निघताना त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघितलं आणि म्हणाला, "काकी, तुमची काळजी नाय. तुमी मालकीनबाय, तुमाला सामानावर सूट देऊ."

दुसरी एखादी बाई संतापून तडक बाहेर पडली असती. मी परत खुर्चीत बसले आणि विचारलं, "किती?"