पार्वतीअक्का आणि बांधावरचा केवडा

पार्वतीअक्कांची आणि माझी पहिली भेट कारवारहून जोयड्याला येणाऱ्या बसमध्ये झाली. त्यांच्या पायाशी पोतं होतं आणि पोत्यात केवड्याची रोपं. केवड्यात नाग असतो म्हणून कंडक्टर ते खाली उतरवायला निघाले होते. "नाग हाय म्हनतोस? मग त्येचंबी तिकीट फाड," असं म्हणत अक्कांनी पोतं तिथंच उघडलं आणि एकेक रोप झटकून दाखवलं. निम्मी बस सीटवर पाय घेऊन बसली होती. त्यांत मीही होतो.

मी खानापूरकडचा, अत्तराची भट्टी सांभाळणारा. केवडा समुद्रकाठचा, पण ओढ्याची ओल मिळाली की आमच्या डोंगरातही रुजतो, हे अक्कांनी आपल्या परसात करून दाखवलं होतं. त्यांनी जोयड्याजवळच्या आपल्या वाडीतल्या बायकांचा गट बांधला, भाताच्या बांधांवर घरोघर रोपं दिली आणि भट्टीसाठी मला बोलावून घेतलं. माझं बिऱ्हाड लागेपर्यंत जेवण त्यांच्याच घरी. भात कमी घेतला तर रागावत.

फुलं यायला तीन-चार वर्षं लागतात. बांध काट्यांनी भरले, नवरे कुरकुरले, पण बायका थांबल्या. आणि फुलं यायची त्या पावसाळ्यात बांधांवर धरली ती हिरवी, अननसासारखी फळं! अत्तर होतं ते नर झाडाच्या सुवासिक कणसाचं. मादीला ते येत नाही, आणि रोप लहान असताना फरक कळत नाही. अक्कांनी वाडीसाठी फुटवे काढले होते ते किनाऱ्यावरच्या केवड्याच्या सगळ्यात दाट बेटातून, तेही फुलांचा हंगाम नसताना. ते बेट मादीचं निघालं. त्यांच्या परसातला केवडा तेवढा दुसऱ्या बेटातला, नर.

देवळापुढं बैठक बसली. अक्कांच्या धाकट्या जाऊबाई, सावित्रीवहिनी, कोयता घेऊनच आल्या होत्या. "समदी तोडायची. आनि गटबी मोडायचा," त्या म्हणाल्या. कुणीतरी सुचवलं, यंदा किनाऱ्यावरची फुलं आणून गिऱ्हाइकांना आपलीच म्हणून सांगू. मग अक्का उठल्या.

"दुसऱ्याच्या फुलाला मी आपलं म्हननार न्हाई. चूक माजी हाय. दाट बघून भूल पडली मला."

बैठक तशीच मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का परसातलं आपलं बेट खणताना दिसल्या. त्याला नुकतीच कणसं धरली होती. भट्टीला मिळणारी फुलं तेवढीच. "अक्का, हंगाम तरी जाऊ द्या!" मी ओरडलोच.

"हंगाम गेल्यावर बायकाबी जातील," त्या म्हणाल्या आणि खणत राहिल्या.

फुटव्यांचा ढीग देवळापुढं पडला. दुपार झाली तरी कुणी फिरकेना. अक्का खांबाला टेकून बसल्या होत्या, पाणीसुद्धा घेत नव्हत्या. मला साऱ्या वाडीचा राग आला होता. दिवस कलताना सावित्रीवहिनी आल्या. कोयता नव्हता. "द्या हिकडं एक. पन खड्डा तुमीच काढायचा."

सत्तरीच्या अक्का पहार घेऊन चिखलातून बांधाबांधावर गेल्या. घरोघरचा खड्डा त्यांनी स्वतः काढला. त्या पावसाळ्यात भट्टी पेटली नाही, पण गट मोडला नाही.

या वर्षी श्रावणात सावित्रीवहिनींच्या बांधावर पहिलं कणीस आलं. पानांत गुंडाळून त्यांनी ते भट्टीवर आणलं आणि अक्कांपुढं धरलं. अक्कांचा हात पुढं होईना.

"घ्या की वास. भ्या वाटतंय व्हय?"

अक्कांनी डोळे मिटून हुंगलं. "हाय," एवढंच म्हणाल्या आणि मटकन खाली बसून रडू लागल्या. वहिनी शेजारी बसल्या. मी भट्टीकडं तोंड फिरवलं, पण धुराचं निमित्त करायला भट्टी पेटलेली नव्हती.

पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर अक्कांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे आणि नजर शाबूत राहोत. अमृतमहोत्सवाच्या मांडवात त्या येतीलच, याची हमी मात्र मी देत नाही. वरच्या वाडीला रोपं द्यायला त्यांनी नेमका तोच दिवस धरला आहे. तेव्हा मंडळी, हार घेऊन आपणच बांधावर जाऊ या. चपला मात्र घरीच ठेवा, चिखल फार आहे.