बेटावरच्या देवीची ओटी

माझ्या सासूबाई माणसाकडे नंतर बघायच्या, आधी त्याच्या कपड्याकडे. आणि नुसतं बघून त्यांचं भागत नसे. समोरच्या बाईचा पदर दोन बोटांत धरून चोळून पाहिल्याशिवाय ओळख झाली असं त्या मानतच नसत. लग्न ठरण्याआधी मी पहिल्यांदा नागपूरला गेले, तेव्हा त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं. थेट ओढणीचं टोक हातात घेतलं आणि म्हणाल्या, "मिक्स आहे हे. सुती म्हणून इकलं तुले." मी साताऱ्याची. चारचौघांत हात जागेवर ठेवावेत अशा घरात वाढलेली. हसावं की रागवावं, मला कळेना.

नागपुरात बेसा भागातल्या त्यांच्या घरात पुढच्याच खोलीत त्यांचं शिलाई मशीन होतं. फॉल-पिको, ब्लाउज, परकर, जे येईल ते त्या शिवत. मशीन चालू असताना गप्पाही चालू. "हाताले जे कळते ना, ते डोळ्याले नाही कळत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेजारच्या बेबीताई दुपारची भांडी आवरून त्यांच्याकडे हुक-बटणं लावायला येऊन बसत. बेबीताईंचे मिस्टर ऐन चाळिशीत गेले, तेव्हापासून या दोघींचं मेतकूट जमलं होतं.

आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, नवरात्रातला एक नेम होता. अष्टमीला मोहल्ल्यातल्या देवीची ओटी भरायची, आणि खण स्वतःच्या हातानं चारी बाजूंनी दुमडून शिवलेला. माझे सासरे गेले त्या वर्षीही त्या तबक घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. पुढच्या बाईनं अगदी हळुवारपणे तबक काढून घेतलं. "द्या काकू, मी ठेवते." कोणी वावगं बोललं नाही. पण त्यानंतर त्या गेल्या नाहीत. खण शिवून दुसऱ्यांच्या हाती पाठवायच्या. हे मला अमोलनं, माझ्या नवऱ्यानं, लग्नानंतर सांगितलं होतं. "काय हा मागासपणा," असं म्हणून मी तावातावानं दोन मिनिटं बोलले आणि कुकर लावायला गेले. माझी समाजसुधारणा तेवढीच.

पुढे आम्ही दोघं नोकरीसाठी योकोहामाला आलो. मी एका कंपनीत दुभाषी आहे. जपानी माणूस काय म्हणतो ते आपल्या लोकांना सांगायचं आणि आपले काय म्हणतात ते त्यांना, हा माझा धंदा. दोन वर्षांपूर्वी आई महिनाभर आमच्याकडे आल्या. त्याआधी फोनवर अमोल त्यांना सहज म्हणाला होता, इथून तासाभरावर समुद्रात एक बेट आहे, एनोशिमा, आणि त्या बेटावर चक्क सरस्वतीचं देऊळ आहे. आई म्हणाल्या, "आपली सरस्वती तिकडं काय करून राहिली?" पण आल्यापासून रोज सकाळी एकच धोशा, बेटावर कधी जायचं.

शेवटी एका बुधवारी मी रजा टाकली आणि आम्ही दोघीच निघालो. स्टेशनवर किमोनो घातलेल्या एक आजी उभ्या होत्या. मी तिकिटं काढून वळते तो काय, आईंनी त्यांची बाही धरली होती. लाजेनं मी अर्धी झाले. धावत जाऊन चार वेळा कमरेत वाकून माफी मागितली. आजी मात्र खुशीत होत्या. आईंच्या साध्या सहावारी साडीचा काठ त्यांनीही चोळून पाहिला. गाडीत मी आईंना म्हटलं, "इथं असं कुणाला हात लावत नाहीत." आई म्हणाल्या, "तिनं नाही का लावला मले?" मी मोबाइल काढला.

बेटावर जायला लांबलचक पूल आहे. आईंनी त्या दिवसापर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्या नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. पुलाच्या मधोमध त्या थांबल्या, कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. तिथल्या घारी हातातलं खाणं पळवतात, तशा पाट्याही आहेत. पाटी वाचून दाखवायच्या आत एक घार सूं करत आली आणि पुरी घेऊन गेली. मी किंचाळले. आई शांतपणे म्हणाल्या, "नेऊ दे. तिले तिखट लागन आता."

देवळाच्या पायऱ्या चढताना त्यांना धाप लागत होती, पण हात धरू देईनात. वर एक छोटं आठकोनी देऊळ आहे, त्यात वाद्य घेऊन बसलेली देवी. आईंनी तिला नीट न्याहाळलं. "वीणा आखूड आहे, पण बसणं तेच," म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतून एक रुमालाची पुरचुंडी काढली. आत हिरवा खण, चारी बाजूंनी दुमडून शिवलेला. हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, आणि माझ्याच डब्यातून घेतलेले मूठभर तांदूळ. तांदूळ सोडले तर बाकी सगळं मला काही न सांगता नागपूरहून घेऊन आल्या होत्या. पदर डोक्यावर घेऊन मला म्हणाल्या, "रश्मी, इथं ओटी कुठं ठेवतात, पाह्य बरं."

आमच्या मागे वीस-पंचवीस माणसं शिस्तीत उभी होती. सगळे दोनदा वाकत, दोन टाळ्या वाजवत, पुन्हा वाकत आणि बाजूला होत. आई मधोमध पुरचुंडी उघडून उभ्या. मला वाटलं, आता या तांदूळ सांडणार, सगळे बघणार, कोणीतरी येऊन नम्रपणे काहीतरी सांगणार आणि मी पुन्हा चार वेळा वाकणार. दहा पावलांवर खिडकीत देवळातली मुलगी बसली होती. तिला एक वाक्य विचारलं की झालं असतं. दिवसभर मी दुसऱ्यांसाठी तेच करते. मी म्हटलं, "आई, इथं हे चालत नाही."

त्या म्हणाल्या, "इथंही नाही?"

"नाही. चला, मागे लोक खोळंबलेत."

त्यांनी तांदळाचा एकही दाणा न सांडता रुमालाला गाठ मारली. हात जोडले. बाकीचं बेट आम्ही पाहिलं. त्यांनी बेटावरच्या मांजरांचं कौतुक केलं, मी आईंचे फोटो काढले. येताना गाडीत त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं दमल्या. मला त्या दिवशी अजिबात वाईट वाटलं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. उलट प्रसंग निभावून नेला म्हणून हायसं वाटलं होतं.

गेल्या हिवाळ्यात आई गेल्या. सकाळी मशीनवर बसल्या बसल्याच. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. सुतकात आमच्या घरी चूल पेटत नव्हती. बेबीताई दोन्ही वेळचा डबा आणत. पाचव्या दिवशी दुपारी डबा ठेवून त्या माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "वहिनी, आमचं दोघींचं एक ठरलं होतं. तुमाले सांगितलं का त्याइनं?"

मी नाही म्हटलं.

"अष्टमीले आम्ही दोघी ओटी भराले जाणार होतो. आपल्या हातानं. मले भेव वाटे. तर त्या म्हणे, थांब वं, मी जपानच्या देवीची भरून येते. तिनं घेतली तर इथं कोण नाही म्हणते ते पाहू. मोठ्या उमेदीनं गेल्या. आल्या अन् म्हणे, राहू दे बेबी, तिथंही आपल्याले चालत नाही. रश्मीनं सांगितलं, तिले सगळी भाषा येते." त्यांनी डब्याचं झाकण पुसलं. "मंग मीही नाद सोडला."

अमोल आतल्या खोलीत पाहुण्यांशी बोलत होता. मी हळूच म्हटलं, "बेबीताई, तिथं चालतं की नाही, मला माहीत नाही. मी कुणालाच विचारलं नव्हतं. मला लाज वाटली, म्हणून मी तसं बोलले."

बेबीताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, सकाळचा रिकामा डबा हातात घेतला आणि दारात थांबून म्हणाल्या, "हे त्याइले सांगाले पायजे होतं न, वहिनी. दोन नवरात्रं गेली मधात."