मर्जमध्ये न दिसलेली अट

भवानी पेठेत आमची आणि सबिहाची गच्ची एकच. मी पापड वाळत घालायला वर गेले, की ती टाकीच्या सावलीत लॅपटॉप घेऊन बसलेली असते. लांब पुण्याच्या कंपनीचं काम ती इथं घरूनच करते. सूत रंगवायच्या मशिनी ज्या प्रोग्रॅमवर चालतात, तो लिहायचा. तिचे वडील रफीकभाई इथल्या एका टॉवेल कारखान्यात तसल्याच मशिनीवर आहेत.

गेल्या साली त्या मशिनीनं त्यांचा हात भाजला. हिरवा दिवा लागला म्हणून झाकण उघडलं, तर आत वाफ शिल्लक. मग सबिहानं हट्टानं प्रोग्रॅममध्ये अट घातली: दाब पुरता उतरल्याशिवाय हिरवा लागायचा नाही. हात भाजल्यापासून रफीकभाईंनी झाकण उघडण्याआधी बारकी तोटी फिरवून, आत वाफ उरलीय का, ते फुसफुस ऐकून बघायची सवय लावली होती. ती त्यांनी सोडली. "लेकीनं दिवा सुधारलाय. आता कान कशाला लावू?" असं गल्लीभर सांगायचे.

त्या दुपारी सबिहा माझ्याकडे बघेचना.

"जेवलीस का गं?"

"अब्बा सकाळी म्हणत होते, नवा प्रोग्रॅम लई झ्याक हाय. दिवा लवकर लागतो."

"बरंच की मग."

"लवकर लागायलाच नको, काकू."

तिचं काम आणि सोबतच्या तौसिफचं काम एकत्र जोडलं होतं. त्याला मर्ज म्हणतात. जोडलं तौसिफनं, तपासून हो म्हणाली ही. "मी बघितलं होतं. माझ्या फाइलीत काहीच बदल दाखवत नव्हतं."

"मग बिघडलं कुठं?"

"मर्ज उघडला, की दोघांच्याही फाइलींहून वेगळं असेल तेवढंच दिसतं. तौसिफची फाइल जशीच्या तशी ठेवली, माझी टाकून दिली, तर मर्जच्या लेखी नवं काहीच नाही."

"म्हणजे जाऊबाईंची आमटी पानात वाढली आणि माझी मोरीत गेली, तरी ते गप्पच?"

"व्हय. सांडलेलं दाखवतच नाही."

बोलता बोलता तिनं ती मर्ज झालेली फाइल नुसत्या स्वतःच्या फाइलीशी ताडली. पडद्यावर लाल ओळी आल्या, म्हणजे गळालेल्या. तिची अट त्यांतच होती.

रफीकभाईंचा फोन डब्याच्या पिशवीत असतो. वाजून वाजून बंद झाला. मग तिनं कारखान्याच्या ऑफिसात लावला, तो तिथल्या बसलिंगप्पांनी उचलला आणि हिचा आवाज ऐकून तसेच फोन घेऊन आत धावले. मशिनीची घरघर ऐकू आली, मग रफीकभाई.

"थांब की, झाकण उघडतो, मग बोलू. हिरवा लागलाय."

"अब्बा, हात लावू नका. आधी तोटी फिरवा."

"तूच तर दिवा..."

"तोटी फिरवा, अब्बा."

आधी काहीच नाही. मग वाफ सुटली. ती सुटतच राहिली. माझ्या हातातला पापड चुरला, तरी ती थांबेना.

"सबिहा," रफीकभाई हळूच म्हणाले, "आत लई हाय गं."

तिनं फोन ठेवला. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिला दिसलाच नाही. नवा प्रोग्रॅम आणखी कुठल्या कुठल्या कारखान्यांत गेलाय, ते ती तौसिफला विचारत होती. तिकडून तो नावं सांगत होता, आणि अजून सांगतच होता.