वाचता येईल, छापता येणार नाही

सुलभाताई गेल्याचा फोन त्यांचे भाऊ दिनकरराव यांनी ढाणकीहून केला, तेव्हा मी परीक्षेच्या वर्गावर होतो. "बाई सकाळी गेली, सर," एवढंच ते बोलले. उरलेला तासभर मी मुलांच्या रांगांमधून नुसता फिरत राहिलो... त्याला आता दीड महिना झाला.

सुलभा भगत उमरखेडजवळच्या आमच्या कृषी महाविद्यालयात ग्रंथपाल होत्या. मी तिथे कीटकशास्त्र शिकवतो. संगणकावर वाचायची संशोधन-नियतकालिकं आमच्याकडे पहिल्यांदाच यायची होती, तेव्हा पुण्याच्या कंपनीचा माणूस करारनामा घेऊन आला. प्राचार्य पेन काढून बसले होते. ताईंनी कागद मागून घेतले आणि चार दिवस परत दिले नाहीत. करारात वाचक म्हणजे फक्त विद्यार्थी आणि कर्मचारी. बाहेरून येऊन ग्रंथालयात बसणाऱ्याचं काय, असं ताईंनी विचारलं. असं कोणी विचारत नाही, तो माणूस म्हणाला. मग कित्येक महिने पत्रं चालली. प्राचार्य वैतागले. एका ओळीसाठी कायले ताणून राह्यल्या, असं मीच त्यांना एकदा म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, कपाशी आपल्या कॉलेजात पिकते का?"

शेवटी कंपनी अर्धी वाकली. ग्रंथालयात येईल त्याला पडद्यावर वाचता येईल. छापील प्रत किंवा फोटो मात्र बाहेरच्या वाचकाला नेता येणार नाही. ताई थकल्या होत्या. त्यांनी ते मान्य केलं.

पुढे कपाशीचं ते वाईट वर्ष आलं. बोंडअळी आवरेना म्हणून लोक दोन-दोन औषधं एकत्र करून फवारू लागले आणि फवारणारी माणसंच दवाखान्यात येऊ लागली. एका दुपारी जवळच्या सरकारी दवाखान्यातले तरुण डॉक्टर आले. त्यांच्याकडे एक मजूर अत्यवस्थ होता, हलवण्यासारखा नव्हता, आणि अशा मिश्र विषावर काय द्यावं ते त्यांच्या पुस्तकात नव्हतं. ताईंनी लेख शोधून दिले. डॉक्टरांनी प्रत मागितली, ताईंनी नाही म्हटलं. करार मोडला तर कंपनी सगळ्यांचंच वाचन बंद करील, ही त्यांची भीती खोटी नव्हती. त्या पडद्यावरून वाचत गेल्या, डॉक्टर वहीत उतरवत गेले. अडीच तास लागले. मी शेजारीच उभा होतो. मी कर्मचारी, माझ्या नावाने प्रत निघाली असती, आणि ती पुढे कोणाकडे गेली हे कोण बघणार होतं? मला ते तेव्हाच सुचलं होतं. मी बोललो नाही.

डॉक्टर परत पोचले तेव्हा तो माणूस गेला होता. दोन तास आधी पोचूनही काही फरक पडला नसता, असं त्यांनी ताईंना मुद्दाम येऊन सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "पण त्याच्या डॉक्टरले मीच बसवून ठेवलं ना."

पुढच्या करारात उपचारासाठी प्रत देण्याची परवानगी त्यांनी मिळवलीच. त्या प्रती घेऊन डॉक्टर कितीदा तरी गेले आणि काही माणसं आपल्या पायांनी घरी परतली. ताई निवृत्त झाल्या, नवा करार वरूनच तयार होऊन आला, आणि त्यात बाहेरच्या वाचकाचा उल्लेखच नव्हता. मी फोनवर सांगितलं. त्या "बरं," म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात ढाणकीला त्यांच्या घरी गेलो. निवृत्तीनंतर ताई ओसरीवर बसून काय करत, ते मला तिथेच कळलं. औषधाच्या बाटलीसोबत येणारा घडीचा कागद लोक घेऊन येत आणि त्या तो वाचून दाखवत... पाणी किती, कशात मिसळायचं नाही, तोंडाला काय बांधायचं. दिनकरराव चहा सांगायला आत गेले तेवढ्यात एक बाई फाटकाशी आली. हातात तसाच कागद होता.

"भगतबाई हायेत का?"

मी सांगितलं. तिने हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग आता हे कोण वाचून दाखवन?"

मी तिला बसायला सांगितलं, शेजारच्या पायरीवर बसलो आणि कागद उलगडला. अक्षर फार बारीक होतं. दोन-तीन ओळी झाल्या असतील, तिने मला थांबवलं.

"बाई हळू वाचे," ती म्हणाली.

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.