पळसाच्या द्रोणातल्या मुंग्या

हे लिहायचा मला अधिकार आहे का, हे अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि मराठीही मी शाळेतच शिकलो. कुठे चुकलं तर माफ करा. शिवाय गोष्ट अभिमानानं सांगावी अशी नाही. तरी ती आठवली की आजही छाती थोडी फुगते, हेही खरं.

भामरागडकडच्या आमच्या गावातून मी सातवीला दूरच्या वसतिगृहाच्या शाळेत गेलो. वर्गात आमच्या जंगलातला मी एकटाच. बाकीची पोरं वडसा बाजूची. संध्याकाळी त्यांची कबड्डी रंगायची आणि मी त्यांच्या चपला राखत बसायचो.

एक दिवस त्यांचा कप्तान म्हणाला, "काऊन बे, तुमी लोकं मुंग्या खाता म्हणते?"

"चटणी करतो," मी म्हणालो.

सगळे खो खो हसले.

"मंग सरच्या ड्रावरात टाकून दाखव. टाकल्या तर तू आमच्या टीममंदी. नाई तं राख चपला."

शाळेमागच्या आंब्यावर लाल मुंग्यांचं पानांचं घरटं होतं. ते उतरवणं माझ्यासाठी घरचंच काम. सकाळी प्रार्थनेआधी चढलो. घरटं न फोडता डहाळी तोडली, पळसाच्या पानांच्या द्रोणात बसवलं, वर पान झाकलं, वेलीच्या सालीनं सैलसर बांधलं आणि सरांच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

गणिताच्या सरांनी हजेरीसाठी ड्रॉवरमध्ये हात घातला, आणि पुढच्याच क्षणी ते टेबलाभोवती नाचू लागले. पोरं बाकांवर चढून हसत होती. कप्तानानं माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. इतक्या महिन्यांत त्या वर्गात मला कुणी हात लावला, तो पहिल्यांदाच.

मग सरांनी तो द्रोण सगळ्यांसमोर वर धरला. कुणी केलं हे विचारावंच लागलं नाही. दुसऱ्या कुणी प्लास्टिकचा डबा घेतला असता. मला डबा सुचलाच नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, "वडलांना घेऊन ये. तुझं नाव ठेवायचं की काढायचं, ते मग बघू." सरांची बोटं सुजली होती. मला खरंच वाईट वाटत होतं, पण माफी न मागताच मी गावाची वाट धरली.

घरी येऊन सगळं सांगितलं.  बाबा आमच्या बोलीत म्हणाले, "आख्खं घरटं? अंड्यांसकट?"

"हो."

"आणि चटणी कुणीच नाही केली?"

आई तोंड दाबून हसली. मला हसू येईना.

दुसऱ्या दिवशी बाबांसोबत निघणार, तर नदी चढली आणि पूल पाण्याखाली गेला. गावात मोबाईलला टॉवर नाही. नऊ दिवस मी रोज काठावर जाऊन पाणी बघत होतो. नाव कटलं असेल तर पुन्हा शाळा नाही, एवढंच डोक्यात.

दहाव्या दिवशी दवाखान्याच्या नर्सबाई डोंग्यातून आल्या. उतरायच्या आधीच बाबांना ओरडून म्हणाल्या, "भाऊ, पोरगा कुठी आहे? त्याच्या शाळेतून दवाखान्यात फोन आला होता."

बाईंनी सांगितलं, मी शाळेतून निघालो त्याच दुपारी कप्तान वर्गात उभा राहिला होता. "सर, मुंग्या टाकाले मीच सांगतलं." त्याच्या मागोमाग सगळा वर्ग उभा राहिला. एवढ्यांना घरी कसं पाठवणार? मुख्याध्यापकांनी सगळ्यांना आठवडाभर आवार झाडायला लावलं आणि माझं नाव पटावर राहू दिलं. सरांनीही राग धरला नाही.

"अन् बोलता बोलता एका पोट्ट्यानं फोनच हिसकला," बाई हसत म्हणाल्या. "म्हणे, त्याले लवकर पाठवा. रविवारी मॅच आहे अन् आमी सहाच जण आहोत. सातवा म्हणून कोणालेच घेतलं नाई."