आईंची शेकाची पिशवी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. कामांच्या याद्या करणारी बाई मी — किराण्यापासून औषधांपर्यंत सगळं लिहून ठेवते. हे मात्र कुठेच लिहिलं नाही.

त्या जानेवारीत माझी नोकरी जाऊन पाच महिने झाले होते. आमच्या लालबागच्या इमारतीतल्या हळदीकुंकवासाठी साठ पाव करून देते, असं मीच पुढे होऊन सांगितलं होतं. पहिलीच ऑर्डर. ती फसली असती तर मी पुन्हा काही सुरू केलं असतं? मला नाही वाटत.

सकाळी सहाला पीठ मळलं. आठ वाजले तरी गोळा तसाच, दगडासारखा. आमच्या स्वयंपाकघरात ऊन कधी येतच नाही, ओटा गारठलेला. यीस्ट तर चांगलं फेसाळलं होतं — मग? शेजारी गरम पाणी ठेवलं, ते निवलं. पातेलं ओव्हनमध्ये मावेना. गोधडीत गुंडाळलं. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघत होते.

मग सासूबाईंची पिशवी दिसली. विजेवर तापणारी, आत पाणी भरलेली, शेकाची. खुब्याच्या ऑपरेशननंतर सकाळी तासभर तिच्यावर पडल्याशिवाय आईंना उठून बसता येत नसे. मी ती नुकतीच तापवली होती — त्यांच्यासाठीच.

ती मी पातेल्याखाली ठेवली.

"पिशवी खंय गो?" आतून हाक आली.

"फुटली, आई."

इतकं सहज. आई आतूनच म्हणाल्या, "माझ्याच भारान फुटली आसतली."

तेव्हा तरी बोलायचं ना? मी यादीतल्या 'आईंना शेक' या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि पीठ बघायला गेले. फुगत होतं. किती आनंद झाला मला — तोही सांगायला हवा.

पाव वळून ट्रेमध्ये लावल्यावर पिशवी पुन्हा तापवली. तीही पावांसाठीच.

दुपारी पाव घेऊन खाली गेले. बायकांनी एक तिथेच मोडून खाल्ला, नावाजलं. मी थांबले — ऐकत. वर आले तर आईंचं अंथरूण ओलं. त्यांना उठताच आलं नव्हतं. मी चादर बदलत होते आणि त्या माझी माफी मागत होत्या. पुन्हा पुन्हा.

मी चांगली पिशवी कचऱ्यात टाकली आणि त्याच संध्याकाळी नवी आणली.

त्यानंतर दोन वर्षं आई होत्या. नव्या पिशवीवर त्यांनी एकदाही अंग टाकलं नाही. फुटू नये म्हणून नुसती खुब्याला टेकवून हाताने धरून ठेवायच्या. शेक धड लागायचा नाही. कण्हायच्या. मी पलीकडे पीठ मळत असायचे. रोज सकाळी बघत होते. रोज गप्प होते.